कोणाला वेगळं ठाऊक आहे?

बाळाच्या ओठांवर पदराची कड टेकवून मी लव्हाळ्यात बसले होते आणि मनात एकच घोकत होते, याला आत्ता उचकी लागू नये. गुडघे चिखलात रुतले होते. डोक्यावर भर दुपार. माझ्यापासून वीस पावलांवर, गंगेच्या पाण्याला लागून, थोरले मामंजी दोन्ही हात वर करून उभे होते. उन्हानं त्यांची पाठ तांबडी झाली होती. आणि त्यांच्या पाठीमागं, खांद्यावरून लोंबणाऱ्या उपरण्याच्या वीतभर सावलीत, एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. माझ्या आधीच कुणीतरी मागायला आलं होतं.

मीही मागायलाच आले होते. थोरले मामंजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. जग त्यांना कर्ण म्हणायचं, अंगदेशचा राजा म्हणायचं. हस्तिनापूरबाहेरच्या आमच्या सूतांच्या वस्तीत मात्र ते आमच्या घरातले थोरले, रथ हाकणाऱ्या अधिरथआजोबांचा मुलगा वसुषेण. दुपारची सूर्याची पूजा आटोपली, की त्या वेळी समोर येईल त्याला ते नाही म्हणत नसत. कुणी गाय नेली, कुणी सोनं नेलं, कुणी नुसतंच तोंडसुख घेऊन गेलं. घरच्यांनी मात्र त्या वेळी नदीवर फिरकायचं नाही, असा राधाआजींचा, म्हणजे त्यांच्या आईचा, दंडक होता. मागतात ते परके, घरच्यांनी सांगायचं, असं त्या म्हणत.

माझं सांगून झालं होतं. सुरथला, माझ्या नवऱ्याला, मी हात जोडून सांगितलं होतं, जाऊ नकोस. आठ दिवसांवर युद्ध आलं होतं आणि मामंजींच्या रथावर सारथी म्हणून तो बसणार होता. घराण्याचा मानच तो. त्यानं हसून माझ्या डोक्यावर टपली मारली आणि तो लगामांना तेल लावत बसला. मी चाकं करणाऱ्याची मुलगी. माझं नावच नेमी, म्हणजे चाकाचा काठ. बापाच्या अंगणात मोडके रथ दुरुस्तीला यायचे, आणि मी लहानपणापासून बघत आले होते की धनुर्धराच्या जागेपेक्षा सारथ्याच्या फळीवर बाणांची भोकं जास्त असतात. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, बाळ चार महिन्यांचं, आणि झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बघायची मला दिवसातून वीसदा सवय. माझ्यासारखीला हसून गप्प बसवता येत नसतं.

खाली उतरताना वाटेत चाकांचा ठसा दिसला होता. अरुंद चाक, डाव्या धावेचा एक खिळा निसटलेला, म्हणून दर फेऱ्याला मातीत एक खड्डा. ती लोखंडी धाव माझ्या बापानंच चढवली होती, राजवाड्यातल्या बायकांच्या रथाची. घोड्यांनी खुरांनी जमीन उकरली होती, म्हणजे ते बराच वेळ उभे होते. आलेली बाई साधी नव्हती आणि घाईत नव्हती. मी वाट सोडली आणि लव्हाळ्यातून वाकून पुढं सरकले.

पूजा संपली. मामंजी वळले, बाई दिसताच वाकले.

"मी राधेचा मुलगा, अधिरथाचा," ते रोजच्यासारखं म्हणाले. "काय हवं?"

"तू राधेचा नाहीस," बाई म्हणाली. "तुला मी जन्म दिलाय."

तेव्हा मी तिला ओळखलं. पांडवांची आई. कुंती.

मामंजी पेटीतून वाहत आले होते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पेटीत ठेवलं कुणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ती सांगत होती. लग्नाआधी झालेलं मूल, बापाच्या घरची अब्रू, नदीचं पाणी. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं, की बाळ त्यानं जागं होईल असं वाटलं. मामंजी मात्र दचकले नाहीत. दोन दिवसांपूर्वी पांडवांकडून तह बोलायला आलेला पाहुणा जाताना त्यांना आपल्या रथात घेऊन गावाबाहेर गेला होता. तेव्हाच हे त्यांच्या कानावर पडलं होतं, असं त्यांच्या बोलण्यातून दिसलं.

आणि मी? मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पांडवांत थोरले हे! मग लढायचं कुणी कुणाशी? हे तिकडं गेले की दुर्योधनाचं बळच गेलं. युद्ध नाही, बाण नाहीत, सुरथ घरी. मला लव्हाळ्यातून उभं राहून ओरडावंसं वाटलं, जा हो जा, तिच्याबरोबर जा.

ते गेले नाहीत. आवाज न चढवता बोलत होते, म्हणून मला मान पुढं काढावी लागली. सगळं मैदान हसत होतं त्या दिवशी दुर्योधनानं मला हाताला धरून बसवलं, ते म्हणाले. आता माझ्या जिवावर तो युद्धाला उभा आहे. आणि राधेनं माझं हगलं-मुतलं काढलं. तिला आता काय सांगू, की खरी आई मिळाली, तुझं काम संपलं?

बाई रडली. मग त्यांनीच तिला सावरलं. या वेळेला आलेल्याला मी रिकाम्या हातानं पाठवत नाही, असं म्हणाले.

"अर्जुन सोडून तुमच्या एकाही मुलाला मी मारणार नाही. तो राहिला काय, मी राहिलो काय, तुमची मुलं पाचच राहतील."

ती गेली. मी उलट्या पावलांनी मागं सरकले. माझं मागणं माझ्यापाशीच राहिलं होतं. पण आता त्याची गरजही नव्हती. घरच्या वाटेला लागता लागता मला युक्ती सुचली होती.

सूत नुसते रथ हाकत नाहीत. घराण्यांच्या वंशावळी आणि घडलेल्या लढाया तोंडपाठ म्हणणं हाही आमचाच धंदा. आमच्या तोंडून निघालं ते खरं, असं राजेसुद्धा मानतात. म्हणून खोटा वंश म्हणण्याइतकं मोठं पाप आमच्यात नाही. मूल चार महिन्यांचं झालं, मान धरायला लागलं, की त्याला रथाच्या जुवावर निजवतात, मुठीत लगाम देतात, आणि घरातला थोरला स्वतःपासून सुरुवात करून घराण्यातली माणसं म्हणतो. याला आम्ही जूटेक म्हणतो. म्हणून झालं की थोरला तीनदा विचारतो, कोणाला वेगळं ठाऊक आहे? असेल त्यानं तिथंच सांगायचं. ज्याचा बाप ठाऊक नाही त्यानं उचलणाऱ्याचं नाव घ्यावं, त्यात पाप नाही. पण खरं कळलं की पुढच्या जूटेकीला ते म्हणावंच लागतं. ते झाकलं, तर ज्या बाळावर झाकलं त्याच्या हातून एक दिवस लगाम सुटतो आणि ते चाकाखाली जातं.

म्हणजे मामंजींना सगळ्या वस्तीसमोर म्हणावंच लागणार होतं. दुपारच्या आत ते पांडवांच्या तळावर पोचलं असतं. आणि ते बोलले नाहीत, तर तिसऱ्या वेळेला मी बोलणार होते. माझ्याच बाळाच्या जुवावर मी सापळा मांडत होते, हे कळत होतं मला. पण सुरथ जिवंत राहणार होता.

राधाआजी ओसरीवर मूग निवडत बसल्या होत्या. नव्वदीच्या घरात, एका डोळ्यानं दिसायचं नाही, पण मुगातला खडा हातून सुटायचा नाही. मी जूटेक उद्याच करू म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. वाऱ्याला पोर बाहेर काढत नाहीस, त्या म्हणाल्या, आणि आता उठून घोड्यांत निजवतेस? कालपर्यंत तर मान लटपटते म्हणून मला हात लावू देत नव्हतीस.

आठ दिवसांनी पुरुष घरी नसतील, एवढंच मी म्हटलं. सुरथचा लगामावरचा हात थांबला.

"उद्या करू," राधाआजी म्हणाल्या. "वसू आहे तोवर त्याच्या तोंडून होऊ दे."

आणि मग जूटेकीचं नाव निघालं की निघायची ती गोष्ट त्यांनी सुरू केली. पेटी उघडली, आत तांबूस गोळा, मूल नसलेली मी, त्याला उचललं मात्र आणि मला पान्हा फुटला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. झालं, आजींना पुन्हा पान्हा फुटणार, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि आजीही हसल्या.

मी हसले नाही. ती गोष्ट मला बोचायची. बाळंतिणीच्या खोपीत मला सहा दिवस दूधच आलं नव्हतं. बाळ रडून रडून निळं पडायला लागलं तेव्हा सुईणीनं मागच्या दारानं घाटावरच्या तरला नावाडिणीला आणलं. तिचं तान्हं नुकतंच गेलं होतं. ओल्या लुगड्याला मासळीचा वास, आणि माझं बाळ तिला असं बिलगलं, की मी भिंतीकडं तोंड केलं. सातव्या दिवशी मला दूध आलं. मी तरलेला हातातलं कडं दिलं आणि कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली. ज्या घरात न प्रसवलेल्या बाईला पान्हा फुटला, त्या घरात मी काय सांगणार होते?

सकाळी अंगणात सडा पडला, रथ बाहेर काढला. मी बाळाला न्हाऊमाखू घालून तबेल्यापाशी आणलं, तर मामंजी एकटेच आखाला वंगण देत होते. राजा झाले तरी जूटेकीच्या रथाचा आख ते स्वतः बघत.

"काल लव्हाळ्यात फार वेळ बसलीस," ते मान वर न करता म्हणाले. "बाळाला ऊन लागलं असेल."

मी वळून नदीच्या वाटेकडं पाहिलं.

"डावं पाऊल खोल, उजवं उथळ," ते म्हणाले. "डाव्या कडेवर पोर घेणारी आपल्या घरात तू एकटीच. ठसे काय फक्त तुझ्या बापालाच वाचता येतात?"

मग मला धीर आला, की माझा धीर सुटला, ते सांगता येणार नाही. जे लव्हाळ्यात गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

"तिला पाच मुलांचं वचन दिलंत, मामंजी. माझ्या नवऱ्याचं वचन कुणाला दिलंत?"

त्यांनी वंगणाचा हात गवताला पुसला. बराच वेळ पुसत होते.

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

"आज तुम्हाला खरं म्हणावं लागेल."

"म्हणेन. जुवावर मी खोटं म्हणणार नाही. आणि तुला गप्प राहा असंही म्हणणार नाही. तिसऱ्यांदा विचारीन तेव्हा तुला ठाऊक असेल ते सांग."

त्यांनी बाळासाठी हात पुढं केले. मी क्षणभर दिलं नाही. मग दिलं.

सगळी वस्ती जमली. सुरथ घोड्यांच्या तोंडाशी उभा होता, नव्या पागोट्यात, माझ्याकडं बघून भुवया उडवत. राधाआजींना पाटावर बसवून त्यांचा हात चाकाच्या आऱ्यावर ठेवला होता. मामंजींनी बाळाला जुवावर निजवलं, एक पंजा त्याच्या पाठीखाली ठेवला आणि मुठीत लगाम दिला. बाळानं तो घट्ट धरला. आता 'मी अमक्याचा मुलगा' अशी सुरुवात व्हायची होती.

"हा नेमीचं दूध प्याला," मामंजी म्हणाले.

बायकांत कुजबुज झाली. पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं. असं कुणी म्हणत नसे.

"हा नेमीचं दूध प्याला. याचा बाप आपल्या आईचं प्याला. त्याचा बाप राधेचं प्याला. आणि त्याचा थोरला भाऊ मी. मला उचललं अधिरथानं, आणि मीही राधेचं दूध प्यालो."

त्यांचा आवाज वस्तीच्या टोकापर्यंत गेला असेल. राधाआजी आऱ्यावरून हात फिरवत होत्या, मूग निवडल्यासारखी बोटं चालली होती.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?"

कुणी बोललं नाही. बाळानं लगाम तोंडात घातला.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?"

सुरथ हसत होता. मी त्याच्याकडं बघितलं, त्याच्या गळ्याकडं, पागोट्याखालच्या कपाळाकडं. बाण कुठं लागेल ते मी रोजच मोजत होते.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?"

"मला," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. सूतांच्या वस्तीत वर्षानुवर्षं तो प्रश्न विचारला जायचा आणि कुणी उत्तर देत नसे. राधाआजींची बोटं थांबली. त्यांचा एक चांगला डोळा माझ्यावर आला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण मी 'मला' म्हणाले आणि त्यांनी आरा घट्ट धरला, जसं काही कुणी तो रथ घेऊनच चाललं होतं.

मामंजी म्हणाले, "सांग."

मी तोंड उघडलं. जिभेवर कुंतीचं नाव होतं. एक नाव, आणि सुरथ संध्याकाळी घरी. पण मामंजींनी जन्माचं काही म्हटलंच नव्हतं. दुधाचं म्हटलं होतं, आणि त्यात त्यांचं अक्षरही खोटं नव्हतं. काल ती बाई इतका वेळ बोलली, रडली, पण तुला पाजलं कुणी, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. लव्हाळ्यात बसून मी तिच्यावर त्यासाठी दात खाल्ले होते. आणि या जुवावर जे खोटं म्हटलं गेलं होतं, ते माझ्याच नावाचं होतं. माझ्या बाळाच्या मुठीत लगाम होता.

"पहिले सहा दिवस मी नाही पाजलं त्याला," मी म्हणाले. "मला दूध नव्हतं. घाटावरच्या तरलेनं पाजलं. मी लपवलं."

सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. सुरथचं हसू गेलं होतं. मामंजी माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी विसरले नाही. ते सुटल्यासारखे दिसत नव्हते. कुणीतरी सोबत आल्यासारखे दिसत होते.

"मग ती कुठंय?" राधाआजी म्हणाल्या. "पाजणारीशिवाय जूटेक कसली करताय? जा रे सुरथ."

सुरथ धावत गेला. तरला ओल्या पायांनी आली आणि अंगणाबाहेरच उभी राहिली. आजींनी तिला ओढून आणून चाकाला हात लावायला लावला, आणि मामंजींनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, हा आधी तरलेचं दूध प्याला, मग नेमीचं. तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा गप्प राहिले. बाळानं लगाम सोडला नाही. शेवटी तो त्याच्या मुठीतून एकेक बोट उचलून काढावा लागला, आणि सगळी वस्ती हसली.

गर्दीत आजींनी मला वाकायची खूण केली.

"पान्हा काय हुकमानं फुटतो, पोरी?" त्या कानाशी म्हणाल्या. "मला तिसऱ्या दिवशी फुटला. तोवर शेळीचं पाजलं. ते मी कुणाला सांगत नाही."

बाळाला माझ्या हाती देताना मामंजी हळूच म्हणाले, "दुपारी नदीवर ये. तुझं मागायचं राहिलंय."

मी गेले. या वेळी वाटेनं गेले, लव्हाळ्यातून नाही. पूजा होईपर्यंत त्यांच्या उपरण्याच्या सावलीत बाळाला घेऊन उभी राहिले. ते वळले, वाकले, आणि परक्या याचकाला विचारावं तसं मला विचारलं, काय हवं.

"सुरथला तुमच्या रथावर घेऊ नका."

त्यांनी बाळाच्या डोक्यावर उपरण्याची सावली धरली.

"मोठं मागितलं का?" मी विचारलं.

"नाही. काल ती पाच मुलं घेऊन गेली. तू एकच मागितलास. दिला. पण त्याला कारण सांगू नकोस. तो ऐकायचा नाही, आणि जन्मभर तुला बोलेल. त्याला माझा राग येऊ दे. मी त्यातून लवकर सुटेन."

तेव्हा मला ते वाक्य कळलं नव्हतं.

युद्धात पहिले दहा दिवस मामंजी उतरलेच नाहीत. अकराव्या दिवशी उतरले तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या, घरी कुणी नसलेल्या सूताला सारथी घेतलं आणि सुरथला मागच्या राखीव घोड्यांवर ठेवलं. सुरथनं निरोप धाडला, मोठ्या दिवसासाठी मला राखलंय. सोळाव्या दिवशी तो म्हातारा पडला. दुसऱ्या दिवशी अर्जुनाशी गाठ होती, आणि आता सारथ्याची जागा हक्कानं सुरथची. दुसरा कुठलाही सूत पुढं केला असता, तर सुरथ त्याच्याशी भांडून फळीवर चढला असता. सूत मागं सरतो तो एकाच माणसापुढं. मामंजींनी दुर्योधनाकडं राजा मागितला. मद्र देशाचा राजा, शल्य.

सगळ्या सैन्यानं बघितलं. सुरथ लगाम हातात घेऊन, पागोटं बांधून उभा होता, आणि त्याच्या हातातले लगाम त्या राजानं काढून घेतले. दिवसभर तो राजा मामंजींना सूत, सूताचा पोर म्हणून टोचत राहिला. तिसऱ्या प्रहरी डावं चाक चिखलात रुतलं. रुतलेलं चाक पुढं ओढायचं नसतं, आधी घोडे मागं घ्यायचे, मग आऱ्याला खांदा द्यायचा. आमच्याकडचं पोरही सांगेल. राजे चाकाला हात लावत नाहीत. मामंजी स्वतः उतरले, आणि चाकाला हात घातलेला असतानाच त्यांना बाण लागला.

सुरथ जिवंत घरी आला. त्यानं आसूड गंगेत टाकला. पुढं कुंतीनं सगळ्यांसमोर सांगितलं, की तो माझा थोरला, आणि पांडवांनी त्यांच्या नावानं पाणी सोडलं. मग तर सुरथचं कोडंच सुटलं. राजाचं रक्त, तो म्हणायचा, शेवटच्या दिवशी घरच्या सूताची लाज वाटली त्यांना. मी त्याच्या पानात भात वाढत राहायचे. राधाआजी तर पुढं दोनच महिने जगल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त पेटीची गोष्ट सांगायची सोडली. मी अडतीस वर्षं सुरथबरोबर संसार केला. चांगला केला. आणि रोज एकदा तरी ती गोष्ट ओठांपर्यंत आली, आणि रोज मला ते उपरण्याच्या सावलीतलं बोलणं आठवलं.

सुरथ या हिवाळ्यात गेला. झोपेत, स्वतःच्या अंथरुणावर. सारथ्याला असं मरण कुठलं.

आज माझ्या नातवाची जूटेक आहे. तेव्हाचं ते बाळ, माझा वसू, आता घरातला थोरला. सगळ्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा म्हणणारा नाही. मघाशी त्यानं बाळाला जुवावर निजवलं आणि घराण्याची माणसं म्हणायला घेतली. तरलेचं नाव त्यानं पहिलं घेतलं, नेहमी घेतो. मग थोरल्या आजोबांपाशी आला. राधेचं दूध प्याले, कुंतीच्या पोटचे होते, सतराव्या दिवशी पडले. आणि मग, सगळेच म्हणतात तसं, बापाच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं तसं त्यानं म्हटलं, की शेवटी गर्वानं त्यांनी राजाला सारथी केलं आणि घरच्या सूताला उतरवलं.

बाळाच्या मुठीत लगाम होता. गोरी, गुबगुबीत मूठ. सून माझ्या शेजारी उभी राहून, ते पडेल की काय, म्हणून श्वास धरून बघत होती.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?" वसूनं विचारलं.

कुणी बोललं नाही.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?"

मी काठी टेकून उठले. चाकाच्या आऱ्याला हात लावला.

"कोणाला वेगळं ठाऊक आहे?"

"मला," मी म्हणाले.